त्या एका ‘नाही’ची किंमत

२०२४ सालच्या ऑक्टोबरातली गोष्ट. नाशिकहून आई, बाबा आणि मुलगा असे तिघे माझ्याकडे आले. मुलाच्या हातात फाइल होती, बाबांच्या हातात पिशवी. मुलगा तीन वर्षांनी अमेरिकेहून घरी आलेला, पण आईच्या चेहऱ्यावर त्याचा आनंद काही दिसत नव्हता.

‘‘साहेब, याचा एच-१बी मंजूर झालाय,’’ बाबा म्हणाले, ‘‘पण नोकरीवर जाता येत नाही म्हणतो. मंजूर झालाय तर मग अडलंय कुठे, तेच आम्हाला कळेना.’’

मी फाइल उघडली. अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याचा निकाल दोन भागांत होता. पहिला भाग कंपनीसाठी होता : तुमची नोकरी एच-१बीच्या दर्जाची आहे, मुलगा पात्र आहे, तुमचा अर्ज मंजूर. दुसरा भाग मुलासाठी होता : तुमचे विद्यार्थ्याचे ‘एफ-१’ स्टेटस अमेरिकेत बसल्याजागी बदलून ‘एच-१बी’ करण्याची विनंती नामंजूर. कारण एका ओळीचे होते. तुम्ही परवानगीविना काम केलेत, म्हणून तुमचे विद्यार्थी स्टेटस शाबूत राहिले नाही.

‘‘काय काम केलं होतंस?’’ मी विचारले.

मुलाने खाली पाहिले. उत्तर आईनेच दिले.

‘‘चूक माझी आहे साहेब. हे बँकेतून रिटायर झालेले. घर तारण ठेवून तीस लाखांचं कर्ज काढलं. पहिल्याच वर्षी याच्या बाबांचं बायपास निघालं. मीच फोनवर म्हटलं, बाळा, हातखर्चाचं तेवढं तू बघ.’’

मुलाने ते मनावर घेतले. विद्यापीठाच्या वाचनालयात त्याला आठवड्याला दहा तासांचे काम होते, ते कायदेशीर होते. पण त्यात भागेना. गावातल्या एका किराणा दुकानाचा मालक आपल्याकडचाच होता. तो म्हणाला, संध्याकाळी गल्ल्यावर बस. ऑक्टोबर २०२१ ते एप्रिल २०२२, असे सात महिने तो बसला. पाच महिने रोख पैसे मिळाले. शेवटचे दोन महिने मालकाने चेकने पगार दिला आणि वर्षअखेरीस त्याचा ‘डब्ल्यू-२’, म्हणजे पगार आणि कापलेल्या कराचा दाखलाही पाठवला. मुलाने प्रामाणिकपणे तो दाखवून इन्कमटॅक्स भरला. एच-१बीच्या वेळी खात्याने अधिक पुरावा मागणारे पत्र पाठवले, तेव्हा करविवरणाच्या कागदांसोबत तोच दाखला खात्याच्या टेबलावर गेला. दोन डब्ल्यू-२, एक विद्यापीठाचा आणि एक किराणा दुकानाचा. दुसऱ्याला परवानगी कुठे आहे, हा प्रश्न अधिकाऱ्याला पडणारच.

‘‘आता मुंबईच्या वकिलातीत मुलाखत आहे,’’ बाबा म्हणाले. ‘‘फॉर्म एजंटकडून भरून घेतलाय. फक्त पाठवायचा बाकी आहे. तुम्ही एकदा नजर टाका.’’

तो फॉर्म, डीएस-१६०, मी वाचू लागलो. त्यात एक प्रश्न असतो : तुम्ही कधी अमेरिकेत बेकायदा राहिलात का, मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, किंवा व्हिसाच्या अटींचा अन्य प्रकारे भंग केलात का?

एजंटने उत्तर टाकले होते : नाही.

‘‘एजंट म्हणाला, सगळे असंच लिहितात,’’ बाबा म्हणाले. ‘‘तिकडच्या दुकानातलं इथल्या खिडकीवरच्या साहेबाला काय कळणार?’’

वाचकहो, आजचा लेख या एका शब्दासाठीच आहे.

चूक किती मोठी?

एफ-१ व्हिसावर गेलेला विद्यार्थी शिकायला गेलेला असतो. त्याला कामाची मुभा आहे, पण ती मोजूनमापून. विद्यापीठाच्या आवारात सत्र चालू असताना आठवड्याला जास्तीत जास्त २० तास आणि सुट्टीत पूर्ण वेळ. आवाराबाहेर काम करायचे तर आधी परवानगी हवी. अभ्यासक्रमाचाच भाग असलेले ‘करिक्युलर प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे सीपीटी. त्याची नोंद काम सुरू होण्यापूर्वी आय-२० या कागदावर व्हावी लागते. दुसरे ‘ऑप्शनल प्रॅक्टिकल ट्रेनिंग’ म्हणजे ओपीटी. त्यासाठी इमिग्रेशन खात्याचे कार्ड हातात यावे लागते. घरची आर्थिक स्थिती अचानक कोसळली तर एक शैक्षणिक वर्ष पूर्ण झाल्यावर खास परवानगीही मागता येते. पण परवानगी आधी आणि काम नंतर. हा क्रम उलटला की ते काम विनापरवाना ठरते, मग तो तास एक असो की हजार.

अमेरिकेच्या नियमात स्पष्ट लिहिले आहे की, विनापरवाना केलेली कोणतीही नोकरी म्हणजे स्टेटस न पाळणे. त्याचे पहिले फळ या मुलाला मिळाले. ज्याचे स्टेटस मोडले, त्याला देशात बसून स्टेटस बदलून मागता येत नाही. दुसरे फळ असे की, इतर कारणाने स्टेटस गेलेल्या विद्यार्थ्याला ते पुन्हा बहाल करून घेण्याचा अर्ज करता येतो. पण त्या अर्जाची एक अटच अशी आहे की, विद्यार्थ्याने विनापरवाना काम केलेले नसावे. म्हणजे तोही दरवाजा बंद.

‘‘मग सगळं संपलंच म्हणायचं,’’ बाबा पुटपुटले.

‘‘नाही,’’ मी म्हणालो. ‘‘इथपर्यंत जे झालं, तो वळसा आहे. रस्ता संपलेला नाही.’’

कसे ते सांगतो. कंपनीचा अर्ज मंजूर आहे. तो मुलाच्या जुन्या चुकीमुळे रद्द झालेला नाही. स्टेटस बदलून मिळाले नाही, म्हणून मुलाने देशाबाहेर यायचे, वकिलातीतून एच-१बीचा शिक्का घ्यायचा आणि त्या शिक्क्यावर नव्याने प्रवेश करायचा. पूर्वी परवानगीविना काम केले, एवढ्यावरून एच-१बी व्हिसा नाकारलाच पाहिजे असे कायद्यात कलम नाही. अधिकारी प्रश्न विचारील, कागद मागील, काही आठवडे थांबवील. पण हात बांधलेले नाहीत.

हात बांधले जातात ते खोटे बोलल्यावर.

१९५२ च्या ‘इमिग्रेशन अँड नॅशनॅलिटी अ‍ॅक्ट’मध्ये एक तरतूद आहे. व्हिसा किंवा प्रवेश मिळवण्यासाठी महत्त्वाची गोष्ट जाणूनबुजून खोटी सांगितली, तर ती व्यक्ती प्रवेशास अपात्र ठरते. किती वर्षे? वर्षे नाहीतच. आयुष्यभर. तात्पुरत्या व्हिसासाठी माफी मागता येते, पण ती देणे न देणे सरकारच्या मर्जीवर. ग्रीनकार्डासाठी माफी हवी असेल तर पती, पत्नी, आई किंवा वडील यांपैकी कोणी अमेरिकेचे नागरिक किंवा ग्रीनकार्डधारक असावे लागतात, आणि त्यांना कमालीचा त्रास होईल हे सिद्ध करावे लागते. नाशिकच्या फ्लॅटमध्ये राहणाऱ्या आईबाबांचा त्रास त्यात धरत नाहीत.

मी आईंकडे वळलो. ‘‘वहिनी, तुमच्या मुलानं दुकानात काम केलं, ती चूक होती. त्याची शिक्षा हा इथला हेलपाटा. पण हे ‘नाही’ पाठवलं, तर इमिग्रेशन खात्याचा निकाल त्याच सरकारच्या कॉम्प्युटरवर असताना तुम्ही त्याच सरकारला खोटं सांगितलंत असं होईल. मग हेलपाटा उरणार नाही, दारच बंद होईल.’’

‘‘पण फॉर्म तर एजंटनं भरलाय,’’ बाबा म्हणाले.

‘‘सही मुलाची असते. जबाबदारीही त्याचीच.’’

एक प्रश्न, जो विचारताना मीच धास्तावलो

एक गोष्ट मात्र मला खात्री करून घ्यायची होती.

‘‘दुकानात कामाला लागताना आय-९ नावाचा फॉर्म भरला होतास का? नीट आठवून सांग.’’

अमेरिकेत प्रत्येक मालकाने नव्या नोकराकडून हा फॉर्म भरून घ्यायचा असतो. त्यात चौकटी असतात : मी अमेरिकेचा नागरिक आहे, मी ग्रीनकार्डधारक आहे, मला कामाची परवानगी आहे, वगैरे. घाईत, किंवा मालकाच्या सांगण्यावरून, काही मुले पहिल्या चौकटीत खूण करतात. ३० सप्टेंबर १९९६ पासून लागू असलेल्या कलमानुसार, फायद्यासाठी ‘मी अमेरिकेचा नागरिक आहे’ असा खोटा दावा करणे ही आयुष्यभराची अपात्रता आहे, आणि नोकरीसाठी आय-९ वर केलेली खूणही त्यात मोडते. ग्रीनकार्डाच्या वेळी या दाव्याला माफीची सोयच ठेवलेली नाही. दुकानातले सात महिने विसरता येतील, ती एक खूण विसरली जात नाही.

मुलगा बराच वेळ गप्प होता. मग म्हणाला, ‘‘नाही सर. मालकानं काही भरूनच घेतलं नाही. वाचनालयाच्या कामासाठी मिळालेला सोशल सिक्युरिटी नंबर होता माझा, तो फक्त लिहून घेतला.’’

मी खुर्चीला पाठ टेकली. मालकाने केले ते गैर होते, पण त्याच्या हलगर्जीपणाने मुलगा वाचला होता.

आम्ही फॉर्म नव्याने भरला. त्या प्रश्नाला ‘होय’ लिहिले आणि खाली चार ओळींत खुलासा दिला : कुठे, केव्हापासून केव्हापर्यंत, किती तास, का. किराणा दुकानाचे नाव पूर्वीच्या नोकऱ्यांच्या रकान्यातही लिहिले. बाबांच्या हॉस्पिटलचे कागद, कर्जाची कागदपत्रे, कराचे विवरण सोबत ठेवले. मुलाला एकच सांगितले. कारण सांग, पण कारणाआड लपू नकोस. ‘मला नियम माहीत नव्हता’ असे म्हणू नकोस, कारण माहीत होता.

वांद्रे-कुर्ला संकुलातल्या वकिलातीत अधिकाऱ्याने त्याला तेच विचारले. त्याने तेच सांगितले. पासपोर्ट त्या दिवशी मिळाला नाही, चौकशीसाठी ठेवून घेतला. पाच आठवडे आईंचा दर दोन दिवसांनी मला फोन यायचा. मग एके सकाळी फोन आला तो मुलाचा. शिक्का मिळाला होता.

दरवेळी असेच होईल असे मी सांगणार नाही. अधिकाऱ्याला आणखी काही खटकले असते, तर गोष्ट वेगळी झाली असती. पण ‘नाही’ लिहिले असते, तर पुढे बोलण्यासारखे काही उरलेच नसते.

आता वळसा महागला आहे

ही गोष्ट २०२४ ची. त्यानंतर दोन गोष्टी बदलल्या, त्या प्रत्येक विद्यार्थ्याने ध्यानात ठेवाव्यात.

पहिली. १९ सप्टेंबर २०२५ रोजी अमेरिकेच्या राष्ट्राध्यक्षांनी घोषणा काढली. २१ सप्टेंबर २०२५ पासून बारा महिन्यांसाठी, देशाबाहेर असलेल्या व्यक्तीसाठी दाखल होणाऱ्या नव्या एच-१बी अर्जामागे एक लाख डॉलर भरावेत, अशी ती अट होती. तिला न्यायालयात आव्हानेही दिली गेली. २० ऑक्टोबर २०२५ रोजी इमिग्रेशन खात्याने खुलासा केला की, अमेरिकेतच असलेल्या विद्यार्थ्याला स्टेटस बदलून मिळत असेल तर ही रक्कम लागू नाही. पण तो स्टेटस बदलण्यास अपात्र ठरला, तर लागू. म्हणजे नाशिकच्या मुलाला जो वळसा विमानाच्या तिकिटात आणि पाच आठवड्यांच्या काळजीत पडला, त्याच वळशासाठी या घोषणेखाली कंपनीपुढे एक लाख डॉलरचा आकडा उभा राहतो. नवख्या मुलासाठी किती कंपन्या तो भरतील? आपला अर्ज करताना या अटीची मुदत आणि स्थिती जरूर तपासून घ्या.

दुसरी. २०२५ च्या जूनपासून विद्यार्थी व्हिसाच्या अर्जदारांना आणि १५ डिसेंबर २०२५ पासून एच-१बी व एच-४ च्या अर्जदारांनाही आपली सोशल मीडियाची खाती सर्वांना दिसतील अशी ठेवण्यास सांगितले गेले. दुकानाच्या गल्ल्यावर काढलेला हसरा फोटो आता आत्याबाईंबरोबर अधिकारीही पाहतो.

ग्रीनकार्डाचे काय?

ही चूक एच-१बीवर संपत नाही. देशात राहून ग्रीनकार्ड मागताना विनापरवाना काम आड येते. मात्र नोकरीच्या आधारे ग्रीनकार्ड मागणाऱ्यांना कायद्याने थोडी सवलत दिली आहे. शेवटच्या कायदेशीर प्रवेशानंतरचे विनापरवाना काम आणि स्टेटसचा भंग, सारे मिळून १८० दिवसांहून अधिक नसेल, तर अर्ज चालतो. ‘शेवटच्या प्रवेशानंतर’ हे शब्द महत्त्वाचे. नाशिकचा मुलगा एच-१बीच्या शिक्क्यावर नव्याने आत गेला, त्या दिवसापासून त्याची मोजणी शून्यावर आली. पण ग्रीनकार्डाच्या फॉर्मात पुन्हा तोच प्रश्न असतो : तुम्ही कधीही परवानगीविना काम केलेत का? ‘कधीही’ म्हणजे कधीही. तिथे त्याला पुन्हा ‘होय’च लिहायचे आहे. एकदा खरे बोललेल्या माणसाला काय बोललो होतो ते आठवत बसावे लागत नाही, हा त्याचा मोठा फायदा.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

जावई शिकतो आहे. मुलगी एफ-२ व्हिसावर सोबत आहे. ती घरून चार मुलांना डबे देते, हे काम धरतात का?

होय. एफ-२ व्हिसावरील पत्नीला किंवा पतीला कोणतीच नोकरी वा धंदा करता येत नाही. पैसे घेऊन डबे देणे, मुले सांभाळणे, हेही त्यात येते. शेजारणीला प्रेमाने पुरणपोळी द्यावी, बिल देऊ नये.

पगार न घेता कंपनीत काम केले तर?

पगार नाही म्हणजे नोकरी नाही, असे समजू नका. नफ्यासाठी चालणाऱ्या कंपनीत, जिथे एरवी पगारी माणूस ठेवावा लागला असता, तिथे फुकट केलेले कामही नोकरी ठरू शकते. मंदिरात किंवा अन्नछत्रात केलेली सेवा वेगळी.

एक कॉलेज पहिल्या दिवसापासून सीपीटी देते, वर्गात बसायचीही गरज नाही म्हणते. घ्यावे का?

पदव्युत्तर अभ्यासक्रमात लगेच प्रशिक्षण आवश्यक असेल तर पहिल्या दिवसापासून सीपीटी नियमात बसते. पण वर्ग नाहीत, फक्त फी आणि नोकरी, असे कोणी सांगितले तर पळा. मिशिगनमधली ‘युनिव्हर्सिटी ऑफ फार्मिंग्टन’ अशीच होती. ती सरकारी खात्याने सापळा म्हणूनच उघडली होती. २०१९ च्या सुरुवातीला तिच्या ज्या १३० विद्यार्थ्यांना पकडले, त्यांतले १२९ भारतीय होते.

काम आधीच होऊन गेले आहे. आता कोणाला सांगावे?

प्रथम इमिग्रेशनचे काम करणाऱ्या वकिलाला. विद्यापीठातले परदेशी विद्यार्थ्यांचे अधिकारी भले असतात, पण स्टेटस मोडल्याचे कळले तर ते सरकारी नोंदीत कळवणे त्यांच्यावर बंधनकारक आहे. वकिलाशी झालेले बोलणे गुप्त राहते. तारखा, तास, मिळालेले पैसे, भरलेले फॉर्म हे सगळे कागदावर लिहून न्या. काम चालू असेल तर आजच थांबवा. मिळकतीवरचा कर मात्र भरा. काम विनापरवाना होते म्हणून कर माफ होत नाही.

आईबाबांसाठी

शेवटी दोन शब्द आईबाबांसाठी. ‘हातखर्चाचं तू बघ’ हे वाक्य आपण सहज बोलतो. पुण्यात, इंदुरात शिकणाऱ्या मुलाला ते चालते, तो शिकवण्या घेतो, कुरियर वाटतो. अमेरिकेत पहिल्या वर्षी आवाराबाहेर त्याला जवळजवळ काहीच करता येत नाही. आय-२० घेताना पहिल्या वर्षाच्या खर्चाची तजवीज असल्याचे आपणच कागदावर दाखवलेले असते. तो आकडा खरा असू द्या. एक सत्र उशिरा पाठवा, स्वस्त विद्यापीठ निवडा, पण मुलाला त्या दुकानाच्या दारात उभे करू नका.

आणि त्याच्या हातून चूक झालीच, तर त्याने ती पहिल्यांदा तुम्हाला सांगावी असे घर ठेवा. नाशिकचा तो मुलगा मला निघताना म्हणाला, ‘‘सर, खिडकीवर ‘होय’ म्हणताना भीती नाही वाटली. त्याच्या आदल्या रात्री बाबांना सगळं सांगताना वाटली होती.’’